संगणक उघडताना स्थितिक विजेपासून सुटे भाग कसे सांभाळावेत

लोकरी स्वेटर डोक्यावरून काढताना केस ताठ उभे राहतात, बारीक चटचट आवाज येतो आणि लगेच दाराच्या धातूच्या मुठीला हात लागला की बोटाच्या टोकाला टोचल्यासारखा झटका बसतो. ही स्थितिक वीज, म्हणजे घासण्याने अंगावर साठलेला विद्युत प्रभार. असा झटका जाणवण्यासाठी शरीर आणि मूठ यांच्यातील विद्युतदाबाचा फरक साधारणपणे ३,००० व्होल्टच्या आसपास असावा लागतो. त्याहून कमी दाबाच्या ठिणग्या दिवसभर पडत असतात, पण त्या आपल्याला कळत नाहीत. संगणकाच्या भागांना असलेला धोका नेमका याच न कळणाऱ्या टप्प्यात आहे, कारण काही नाजूक घटक काहीशे व्होल्टच्या ठिणगीनेही बिघडू शकतात. त्यामुळे ‘मला तर कधी झटका बसला नाही’ या अनुभवावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

तीन हजार व्होल्ट हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो, परंतु त्यामागचा साठा अगदी अल्प असतो. घटकांची चाचणी घेताना मानवी शरीर म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर (प्रभार साठवणारा घटक) आणि त्याला जोडलेला १,५०० ओहमचा रोध असे गृहीत धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ३,००० व्होल्टला शरीरात साठलेली ऊर्जा अर्धा मिलिज्यूलही भरत नाही, म्हणून माणसाला इजा होत नाही. मात्र ही ऊर्जा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर पडते आणि त्या क्षणी सुमारे २ अँपिअरचा प्रवाह वाहतो. चिपमधील ट्रान्झिस्टरच्या गेटखाली, म्हणजे त्याला सुरू-बंद करणाऱ्या टोकाखाली, असलेला विसंवाहक (वीज वाहू न देणारा) थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एवढा आघात त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्याला सूक्ष्म छिद्र पडते.

चिपच्या पिनांपाशी संरक्षक डायोड बसवलेले असतात आणि पूर्ण जोडलेला मदरबोर्ड सुट्या चिपपेक्षा बराच सोशिक असतो, हे खरे आहे. म्हणूनच अनेक जण वर्षानुवर्षे कसलीही काळजी न घेता काम करतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. पण नुकसान झालेच, तरी ते त्याच वेळी दिसेल असे नाही. घटक अर्धवट दुखावतो, चाचणीत उत्तीर्ण होतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दगा देतो. माझ्याकडील रॅमच्या एका पट्टीने बसवल्यानंतर दोन महिने उत्तम काम केले आणि मग आधी आठवड्यातून एकदा, पुढे दिवसातून एकदा संगणक गोठू लागला. ती पट्टी मी पलंगावर, सिंथेटिक चादरीवर ठाण मांडून बसवली होती. दोष स्थितिक विजेचाच होता असे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि या प्रकारच्या बिघाडाची खरी डोकेदुखी तीच आहे.

मूळ तत्त्व: जमीन नव्हे, समान पातळी

या विषयावरील बहुतेक सल्ले ‘स्वतःला अर्थ करा’, म्हणजे जमिनीशी जोडून घ्या, या वाक्याने सुरू होतात आणि वाचणारा लगेच अर्थिंगची तार शोधू लागतो. वस्तुतः ठिणगी पडते ती दोन वस्तूंच्या विद्युतदाबात फरक असल्यामुळे. शेजारच्या दोन टाक्यांत पाण्याची पातळी सारखी असेल, तर मधली नळी उघडली तरी पाणी वाहत नाही, मग त्या टाक्या तळमजल्यावर असोत वा गच्चीवर. त्याचप्रमाणे आपले शरीर, संगणकाचा सांगाडा आणि हातातील भाग हे तिन्ही एका पातळीवर असतील, तर त्यांचा एकमेकांना स्पर्श झाल्यावर काहीही घडत नाही. जमिनीशी जोडणी ही पातळी सारखी करण्याची एक सोयीची रीत आहे, एवढेच. पुढील सर्व पायऱ्यांचा हेतू एकच आहे: नाजूक भागाला पहिला स्पर्श होण्यापूर्वी पातळी सारखी करून घेणे.

हा नियम वाहकांना लागू पडतो. प्लॅस्टिक, थर्मोकोल, चिकटपट्टी यांसारख्या विसंवाहकांवरील प्रभार त्यांना तार जोडून किंवा हात लावून निघून जात नाही, तो जागच्या जागी चिकटून राहतो. शिवाय अशी प्रभारित वस्तू बोर्डाला न टेकताही, नुसत्या जवळिकीने, बोर्डावर प्रभार निर्माण करू शकते. अशा वस्तूंवर एकच उपाय उरतो, तो म्हणजे त्यांना दूर ठेवणे. कारखान्यांत यासाठी ३० सेंटीमीटरचे अंतर पाळण्याचा प्रघात आहे आणि घरातही तो पाळणे अवघड नाही.

जागा आणि कपडे

काम टेबलावर करावे. लाकडी पृष्ठभाग चालतो. गालिचा, पलंग, सोफा आणि रेक्झिनचे आच्छादन टाळावे. खोक्यातून निघालेले थर्मोकोल, बबल रॅप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या काम सुरू होण्यापूर्वीच खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवाव्यात. या वस्तू बोर्डाशेजारी पडून राहणे ही घरगुती कामातील सर्वांत मोठी चूक आहे असे माझे मत आहे, आणि मनगटात पट्टा बांधलेली माणसेही ती सर्रास करतात. चिकटपट्टी रिळावरून ओढतानाही हजारो व्होल्ट तयार होतात, म्हणून स्क्रू चिकटवून ठेवण्यासाठी लागणारे तुकडे आधीच कापून घ्यावेत किंवा सरळ वाटीत स्क्रू ठेवावेत.

हवेतील आर्द्रतेचा प्रभाव फार मोठा आहे. कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रतेत, गालिच्यावर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. तीच हवा ६५ टक्क्यांपेक्षा दमट असेल तर तो दीड हजारांच्या आसपास राहतो. शक्य असल्यास ४० ते ६० टक्के आर्द्रतेत काम करावे. वातानुकूलन यंत्र किंवा हीटर तासन् तास चालू असलेली खोली त्यासाठी चांगली नाही. मात्र दमट हवा आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण दीड हजार व्होल्टही नाजूक घटकाला पुरेसे आहेत आणि आपल्याला ते जाणवणारही नाहीत.

कपडे सुती असावेत, बाह्या वर सारलेल्या असाव्यात. लोकर, पॉलिस्टर आणि फ्लीस नको. अंगठ्या व साखळ्या काढून ठेवाव्यात, पण त्यामागील कारण स्थितिक वीज नसून धातूचा बोर्डावर होणारा शॉर्ट हे आहे. घरातील मांजराला तेवढ्यापुरते दार लावून बाहेर ठेवावे.

मनगटी पट्टा: जोडणी आणि तपासणी

अँटीस्टॅटिक मनगटी पट्टा स्वस्त आहे, साधा आहे आणि त्याच्याइतके खात्रीचे दुसरे साधन घरात मिळत नाही. त्याचे तीन भाग असतात: त्वचेला टेकणारी धातूची चकती किंवा वाहक धागा असलेला पट्टा, गुंडाळलेली तार आणि टोकाची क्रोकोडाइल क्लिप. या तारेच्या मार्गात १ मेगाओहमचा रोध बसवलेला असतो, आणि तो नुसताच शोभेला नसतो. चुकून हात २३० व्होल्टच्या जिवंत तारेला लागला, तर हा रोध पट्ट्यातून जाणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरवर रोखतो, म्हणजे पट्टाच आपल्या जिवावर उठत नाही. दुसरीकडे शरीरावरील प्रभार या रोधातूनही सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरतो, म्हणून संरक्षणात काही कमी पडत नाही. पट्ट्याऐवजी साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा आणि तो उद्योग करू नये.

पट्टा नेहमी उघड्या त्वचेवर, घट्ट बांधावा. बाहीवर बांधलेला पट्टा निरुपयोगी असतो. हातावर दाट केस असतील किंवा त्वचा फार कोरडी असेल, तर चकतीखाली पाण्याचे बोट फिरवावे. बाजारात तार नसलेले, ‘वायरलेस’ म्हणवणारे पट्टेही मिळतात. प्रभार जाण्यासाठी वाटच नसेल तर तो जाणार कुठे, हा प्रश्न विचारला की ते विकत घेण्याचा मोह आपोआप मावळतो.

आता क्लिपविषयी, कारण चूक होते ती इथे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मी क्लिप कॅबिनेटच्या काळ्या पत्र्याच्या कडेला लावत असे. ती घट्ट बसायची, दिसायलाही व्यवस्थित होती. एकदा सहज मल्टीमीटरचे (रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) एक टोक क्लिपवर आणि दुसरे मागच्या उघड्या स्क्रूवर टेकवले, तर आकडा येईचना, जणू दोहोंमध्ये काही संबंधच नव्हता. काळा रंग म्हणजे उत्तम विसंवाहक थर होता आणि क्लिपचे दात त्यात जेमतेम रुतले होते. त्यानंतर मी क्लिप मागच्या बाजूच्या बिनरंगी ब्रॅकेटला, स्क्रूच्या डोक्याला किंवा एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) रंग नसलेल्या धातूच्या खोक्याला लावतो. मदरबोर्डवरील कोणत्याही भागाला, हीटसिंकला किंवा पिनांना क्लिप लावू नये.

पट्टा वापरण्यापूर्वी तो तपासावा. मल्टीमीटर २ मेगाओहमच्या मापनपल्ल्यावर ठेवून एक टोक चकतीच्या आतल्या बाजूला आणि दुसरे क्लिपला लावावे. आकडा १ मेगाओहमच्या जवळपास यायला हवा. काहीच आले नाही तर तार आतून तुटलेली आहे. शून्याजवळ आले तर रोधच नाही. दोन्ही प्रकारचे पट्टे टाकून द्यावेत. तार वारंवार वाकते ती पट्ट्याजवळच्या बटणापाशी, म्हणून मोजणी चालू असताना तिथे थोडे हलवून पाहावे. आकडा उडू लागला तर तुटण्याची सुरुवात झाली आहे असे समजावे.

पट्टा नसेल तर काम अडत नाही, पण शिस्त वाढवावी लागते. एका हाताचा अंगठा किंवा मनगट सांगाड्याच्या उघड्या धातूला शक्य तेवढा वेळ टेकलेले ठेवावे, आणि ते सुटले की प्रत्येक वेळी भागाला हात लावण्याआधी पुन्हा धातूला स्पर्श करावा. ‘सुरुवातीला एकदा हात लावला’ हे पुरेसे नाही. खुर्चीतून नुसते उठल्यानेही अंगावर नव्याने प्रभार चढतो.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करावे आणि मग प्लग काढून घ्यावा. त्यानंतर संगणकाचे पॉवर बटण ५ ते १० सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमधील उरलेला साठा निघून जातो. संगणक बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो, आणि तो असताना रॅम काढणे म्हणजे आपण होऊन शॉर्टला आमंत्रण देणे होय. बोर्डावरील छोटा दिवा पूर्ण विझलेला दिसला पाहिजे. मॉनिटर, प्रिंटर, नेटवर्क यांच्या सर्व केबलीही काढाव्यात.

प्लग काढावा की बटण बंद करून तसाच ठेवावा, यावर जुना वाद आहे. तसाच ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यामुळे सांगाडा अर्थला जोडलेला राहतो. हे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यासाठी सॉकेटचे अर्थिंग खरोखर जोडलेले असायला हवे आणि बटण फेजवरच (वीज आणणाऱ्या जिवंत तारेवरच) बसवलेले असायला हवे. घरात या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. समान पातळीसाठी अर्थची गरज नाही हे एकदा पटले, की प्लग काढून टाकण्यात काहीच तोटा उरत नाही. सॉकेटच्या अर्थच्या छिद्रात स्वतः तार खुपसण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये.

एसएमपीएस उघडू नये. त्याच्या आतील मोठ्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्टचा दाब असतो आणि तो प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकतो. तिथला धोका चिपला नसून माणसाला आहे. जिवंत पुरवठ्याजवळ किंवा जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये काम करताना मनगटी पट्टा घालणेही चुकीचे आहे.

पिशवीतून बाहेर, स्लॉटमध्ये

नवीन भाग बहुधा चंदेरी-करड्या पिशवीत येतो. तिच्या थरांमध्ये धातूचा पातळ लेप असल्यामुळे बाहेरची ठिणगी आतपर्यंत पोहोचत नाही. गुलाबी पिशवी वेगळी: ती स्वतः प्रभार तयार करत नाही, पण बाहेरून येणारी ठिणगी अडवत नाही. त्यामुळे रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड फक्त गुलाबी पिशवीत ठेवून कपाटात टाकू नये. चंदेरी पिशवी भोके पडून चुरगळली असेल, तर तिचाही भरवसा धरू नये.

पिशवी हातात आल्यावर ती लगेच फाडू नये. पट्टा घातलेल्या हातात ती धरून आधी सांगाड्याच्या उघड्या धातूला टेकवावी आणि दोन-तीन सेकंद तशीच राहू द्यावी. मग उघडून भाग कडेला धरून बाहेर काढावा. रॅमची पट्टी दोन्ही टोकांना धरतात, ग्राफिक्स कार्ड धातूच्या ब्रॅकेटला, एम-टू प्रकारची एसएसडी दोन्ही लांब कडांना. सोनेरी संपर्कांना बोट लागू देऊ नये. ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी त्याचे ब्रॅकेट सांगाड्याला हलकेच टेकवले, तर कार्डावर काही प्रभार असलाच तर तो संपर्कांमधून न जाता ब्रॅकेटमधून उतरतो.

रॅम अनेकदा कडक प्लॅस्टिकच्या साच्यात येते. त्यातून पट्टी खसकन ओढली, की घर्षणाने पट्टीच प्रभारित होते आणि पुढचा स्पर्श स्लॉटच्या धातूचा असेल तर ठिणगी आपल्या हातून न पडता भागातूनच पडते. म्हणून साचा पूर्ण उघडून, वाकवून, पट्टी सावकाश उचलावी. काढल्यावर ती थेट स्लॉटमध्ये जावी. टेबलावर, मांडीवर, खोक्यावर असे मुक्काम करत जाऊ नये. ठेवण्याची वेळ आलीच तर परत पिशवीत ठेवावी. पिशवीवर बोर्ड ठेवून तो चालू करून पाहण्याची सवय मात्र घातक आहे, कारण त्या धातूच्या लेपामुळे बोर्डाखाली शॉर्ट होऊ शकतो. चाचणी घ्यायचीच असेल तर बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा.

मदतीला दुसरे कोणी असेल, तर त्याच्या हातात भाग देण्यापूर्वी त्याच्या हाताला आपला हात लावावा. दोघांची पातळी सारखी झाली की मग देवाणघेवाण करावी. हे बघणाऱ्याला विचित्र वाटते, वाटू द्यावे.

धूळ काढताना

साफसफाईत पुष्कळ प्रभार तयार होतो, आणि तो करणारी साधने आपल्याला निरुपद्रवी वाटतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या तोंडातून धूळ वेगाने जाताना घर्षणाने ते तोंड चांगलेच प्रभारित होते, म्हणून ते बोर्डाजवळ नेऊ नये. नायलॉनच्या ब्रशापेक्षा नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश बरा, आणि वाहक धाग्यांचा अँटीस्टॅटिक ब्रश मिळाला तर उत्तम. डब्यातील दाबाची हवा छोट्या छोट्या फवाऱ्यांत आणि डबा उभा धरूनच मारावी. तिरका धरला तर अतिथंड द्रव बाहेर पडतो. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा हवेच्या जोराने पंखा गरगर फिरतो, जनित्रासारखी उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकतो आणि त्याचे बेअरिंगही झिजते.

रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची युक्ती जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. घासण्याने प्रभार तयार होतो, शिवाय सोन्याचा पातळ मुलामा खरवडला जातो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले, धागे न सुटणारे कापड एकाच दिशेने फिरवावे आणि पूर्ण सुकू द्यावे.

लॅपटॉपमध्ये थोडे वेगळे

चार्जर काढून तळ उघडल्यानंतर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, कारण बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डावर वीज असते. कनेक्टर ओढताना तारांना नव्हे, तर त्याच्या डोक्याला धरावे. सांगाडा प्लॅस्टिकचा असेल तर क्लिप लावायला जागा सापडत नाही. अशा वेळी यूएसबी पोर्टचे बाहेरचे धातूचे कवच किंवा बोर्ड बसवलेल्या स्क्रूभोवतीचे धातूचे कडे वापरता येते, कारण ते बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले असते.

काम संपल्यावर

झाकण लागेपर्यंत पट्टा काढू नये. शेवटचा स्क्रू उरला असताना पट्टा सोडून, खुर्ची सरकवून उठायचे आणि परत येऊन ‘ती एक केबल नीट बसली का’ म्हणून बोर्डात हात घालायचा, हा प्रकार फार घडतो. काढलेला जुना भाग चंदेरी पिशवीत घालून वर तारीख आणि काढण्याचे कारण लिहावे.

चालू केल्यावर संगणक सुरू झाला नाही, तर लगेच स्थितिक विजेला दोष देऊ नये. बहुतेक वेळा रॅम पूर्ण रुतलेली नसते किंवा प्रोसेसरची पॉवर केबल राहून गेलेली असते. प्लग काढून, पट्टा पुन्हा घालून, प्रत्येक भाग एकदा काढून बसवावा. रॅम बदलली असेल तर मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. त्यात चुका दिसल्या तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी: चुका पट्टीबरोबर गेल्या तर पट्टी सदोष आहे, जुन्याच स्लॉटला चिकटून राहिल्या तर बोर्डाकडे पाहावे लागेल. पट्टी सदोष निघाली, तरी ती ठिणगीने बिघडली की कारखान्यातूनच तशी आली, हे चिप फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून हमीचा कालावधी उरला असेल तर ती वेळेत परत पाठवावी.